वहिनींना आपली भाषा येत नाही

माझ्या वहिनींइतकं बोलणारं माणूस आमच्या घरात दुसरं नाही. सकाळी उठल्यापासून आधी दूधवाल्याशी वाद, मग माझ्या थोरल्या भावाशी, मग माझ्याशी, आणि उरलंसुरलं कुकरशी. माझं सुटलेलं पोट, दादाचं घोरणं, शेजारणीचा नवा पडदा, काही म्हणजे काही त्यांच्या तावडीतून सुटत नाही. पण हीच बाई घराचा कोपरा वळून शाळेच्या रस्त्याला लागली की तिला आपल्या भाषेतलं अवाक्षर कळत नाही. म्हणजे कळतं, पण कळत नाही असं त्यांनी ठरवलंय. आणि वहिनींनी एकदा ठरवलं की आमच्या घरात कोणी पुढे बोलत नाही.

वहिनी पहिलीच्या मुलांना दुसरी भाषा शिकवतात. ही भाषा त्या पोरांच्या घरात कोणी बोलत नाही, गल्लीतही बोलत नाही, पण पुढे मोठ्या शाळेत गेलं की सगळी पुस्तकं तिच्यातच. वहिनींच्या आधीच्या बाई फळ्यावर शब्द लिहायच्या, त्याचा अर्थ आपल्या भाषेत सांगायच्या, आणि पोरं दोन्ही विसरायची. वहिनी पहिल्या दिवशी वर्गात शिरतात त्या परमुलखातून आत्ताच उतरल्यासारख्या. कोणी म्हणालं, 'बाई, शू लागली,' तर हसऱ्या तोंडाने नुसत्या बघत राहतात. पोरगं हातवारे करतं, पाय आवळतं, दाराकडे बोट दाखवतं. मग वहिनी त्या भाषेतला शब्द म्हणतात, पोरगं तो म्हणतं आणि धूम पळतं. शू लागलेल्या पोराइतका चांगला विद्यार्थी जगात नाही, असं त्यांचं म्हणणं आहे.

"हे ढोंग कशाला?" मी एकदा विचारलं होतं.

"पाणी उताराकडे जातं, भावजी. आपली भाषा म्हणजे उतार. बाईला ती येते हे कळलं की पोर दुसरीकडे कशाला वळेल? आणि ढोंग काय म्हणता? तुम्ही उधळलेले पैसे मला कळलेच नाहीत असं मी तुमच्या दादांपुढे दाखवते, ते ढोंग नाही वाटतं?"

मी चपला घालून दुकान गाठलं.

या सगळ्याची झळ मला बसली, कारण माझं सायकल दुरुस्तीचं दुकान शाळेच्या बरोबर समोर. मध्ये एक अरुंद रस्ता, आणि पलीकडे तळमजल्यावरच्या वहिनींच्या वर्गाच्या खिडक्या. शाळा सुटली की पोरं हवा भरायला येतात, आणि वहिनी घरी जाताना दुकानात टेकतात. आता दुकानात पोरं आणि समोर सख्खी वहिनी, तर बोलायचं कोणत्या भाषेत? त्या भाषेत माझी गाडी 'नमस्कार' आणि 'बसा' याच्यापुढे जात नव्हती. पहिल्या वर्षी मी वहिनींना त्या भाषेत चहा विचारायला गेलो आणि काहीतरी भलतंच बोललो. पोरं पोट धरधरून हसली. मग त्यातल्या एका दात पडलेल्या पोरीने मला हाताला धरून शब्द म्हणायला लावला, पुन्हा पुन्हा, जमेपर्यंत. वहिनी शांतपणे बघत होत्या. घरी आल्यावर मात्र त्यांनी तो प्रसंग दादाला साभिनय करून दाखवला.

तर अशी ती भाषा मला पोरांनी शिकवली. पंक्चर काढता काढता शिकलो. पोरांना शाळेत घालतानाच आईवडिलांना सगळं सांगितलेलं असतं, पण पोर सोबत असलं की त्यांनाही नाटक वठवावं लागतं. मग त्यांच्यासाठी मी दुभाष्या झालो. आई आपल्या भाषेत विचारणार, "बाईंना विचारा, डबा संपवतो का?" मी ते मोडक्यातोडक्या त्या भाषेत सांगणार, आणि वहिनी, आधीच सगळं ऐकलेल्या वहिनी, माझ्याकडून ते दुसऱ्यांदा ऐकून गंभीरपणे मान डोलावणार. त्यांच्या तोंडावरची रेषही हलायची नाही. मला हसू दाबताना नाकी नऊ यायचे.

पोरांना हे कळतंच कधीतरी. दुसरीत, तिसरीत गेल्यावर वहिनी बाजारात भाजीवाल्याशी हुज्जत घालताना सापडतात. पण आजवर एकाही मोठ्या पोराने धाकट्यांपाशी ते फोडलेलं नाही. एकदा तिसरीतल्या एका दांडगोबाने मला बाजूला घेऊन बजावलं, "काका, लहानांना सांगू नका हं. त्यांचं अजून व्हायचंय." हा पोरगा स्वतःच्या घरची झाडून सगळी भांडणं गल्लीभर सांगत फिरतो. त्याच्या पोटात एवढी एक गोष्ट कशी राहिली, याचं मला आजही नवल वाटतं.

आणि नवल एवढंच नाही. मी शिकलेला माणूस नाही, शाळेशी माझं कधी जमलं नाही. पण खिडकीतून मी दरवर्षी जे बघतो, त्याने माझ्या हातातला पाना हातातच राहतो. सुरुवातीला पोरं त्या भाषेत काही बोलतच नाहीत. वहिनी एकट्याच बोलत असतात. पाणी ओततात, खडू मोडतात, टेबलाखाली लपतात, आणि बोलतात. पोरं नुसती बघतात. आठवडेच्या आठवडे जातात. हेडमास्तर दारातून डोकावून मान हलवत जातात. मलाही दरवर्षी वाटतं, यंदा काही खरं नाही. आणि मग एके दिवशी कोणीतरी, बहुतेक सगळ्यांत मागे बसणारं, खिडकीबाहेर मांजर बघून त्या भाषेत ओरडतं, 'ते बघा, चाललं.' शिकवलेलं नसतं, विचारलेलं नसतं. त्याला स्वतःलाही पत्ता नसतो की आपण काय केलं. मला दरवेळी अंगावर काटा येतो. कुठून आलं ते? कोणी ठेवलं तिथे? वहिनींना विचारलं तर म्हणतात, "मला तरी कुठं माहीत? मी फक्त दार उघडं ठेवते."

त्या वर्षी वर्गात एक पोरगी होती. गणवेशाचं वरचं बटण सदानकदा दातात, म्हणून सगळे तिला बटणच म्हणत. आईवडील दोघं कामाला, घरात आजोबा. आजोबा निवृत्त बसचालक, अंगाने आडवे, आवाज हॉर्नसारखा. रोज नातीला सोडायला आणि न्यायला तेच यायचे. तिचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर, पोरीचं बोट हातात, आणि रस्ता ओलांडताना सगळ्या वाहनांना असा हात करायचे की मोठाले ट्रक थांबायचे.

पावसाळा सरता सरता आजोबा घराच्या जिन्यावरून पडले. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. तेव्हापासून बटण शाळा सुटल्यावर वहिनींबरोबर माझ्या दुकानात थांबायला लागली. तिची आई औषधांच्या दुकानातून सुटली की तिला घेऊन जायची. पोरगी आधीच कमी बोलायची, आता मुकीच झाली. डबा तसाच परत न्यायची. बटणाचा तर दातांनी चुरा करत आणला होता.

एके दिवशी मी टायर काढायला माळ्यावर चढलो होतो. खाली बाकावर वहिनी आणि बटण. मी चहाला गेलोय असा पोरीचा समज झाला असावा, कारण ती अचानक बोलायला लागली. आपल्या भाषेत, एकदम स्पष्ट, रस्त्याकडे बघत.

"बाई, तुम्हाला कळत नाही ना, म्हणून सांगते. गाडी मी ठेवली होती जिन्यात. लाल गाडी. ती पार्किंगमध्ये होती. आजोबांचा पाय तिच्यावर पडला. मी मग ती उचलली आणि गादीखाली लपवली. कोणालाच माहीत नाही. आता आजोबा कधीच चालणार नाहीत, आणि ते मी केलं."

मी शिडीवर, गळ्यात टायर. श्वास घ्यायचीही चोरी झाली. मला वाटलं, आता वहिनी तिला जवळ घेणार, आपल्या भाषेत समजावणार. कुठलीही बाई घेईल. वहिनींनी काय केलं? तिच्याकडे तेच नेहमीचं, न कळणाऱ्या माणसाचं हसून बघितलं, आणि त्या भाषेत विचारलं, "पाणी हवं?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

घरी गेल्यावर मी तोंड सोडलं. "वहिनी, तुम्ही माणूस आहात की दगड? पोर आतल्या आत झुरतंय. दोन शब्द बोलला असतात तर तुमची भाषा काय बुडाली असती?"

वहिनी भाजी निवडत होत्या. देठ खुडत म्हणाल्या, "ती मला सांगत नव्हती, भावजी. भिंतीला सांगत होती. भिंतीने तोंड उघडलं तर ती पुन्हा कुठल्या भिंतीपाशी जाईल?"

"पुढच्या वर्षी तिला कळणारच आहे तुम्हाला सगळं समजत होतं ते."

"कळू दे. तेव्हा हेही कळेल की मी कोणाला सांगितलं नाही."

"मग मी सांगतो तिच्या आईला."

"सांगा. आणि उद्यापासून स्वयंपाक करायला शिका," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज मात्र धमकीचा नव्हता, रडवेला होता. "मी लहान असताना वडिलांच्या बदलीमुळे ही भाषा बोलतात त्या मुलखात गेले. तिथे खालच्या मजल्यावर एक शिवणकाम करणारी म्हातारी होती. तिला आपलं काही कळायचं नाही, आणि म्हणूनच मी तिला सगळं सांगायचे. आईला जे सांगता येत नव्हतं ते. ती नुसती मशीन थांबवून ऐकायची. तिने जर एकदा माझ्या आईला बोलावून घेतलं असतं ना, तर मी तुमच्या घरात एवढी बोलले नसते." मग डोळे पुसून म्हणाल्या, "मला जी भाषा येते, त्या भाषेत तिने सांगायला हवं. मग मी उत्तर देईन."

"तिला त्या भाषेत एवढं कुठं येतं?"

"तेच तर माझं काम आहे," वहिनी म्हणाल्या, आणि भाजीची पातेली घेऊन उठल्या.

दुसऱ्या दिवसापासून खिडकीत जे सुरू झालं ते बघायला मी गिऱ्हाइकं ताटकळत ठेवली. वहिनींनी पाण्याचा पेला टेबलाच्या कडेला ठेवला आणि कोपराने पाडला. आणि त्या भाषेत म्हणाल्या, "अरेरे. पडला. मी पाडला." मग फडकं आणलं. "होतं असं. पुसू या." नंतर पोरांची पाळी. एकेकाने यायचं, पेला पाडायचा, "मी पाडला" म्हणायचं, आणि सगळ्या वर्गाने एका सुरात म्हणायचं, "होतं असं. पुसू या." पोरांना काय, पर्वणीच. वर्गात तळं झालं. हेडमास्तर आले, पाय घसरता घसरता वाचले आणि निघून गेले.

मग वाटेत ठोकळा ठेवायचा खेळ. एकाने ठेवायचा, दुसऱ्याने अडखळून पडायचं. "मी ठेवला. तो पडला." "होतं असं. उचलू या." पडणाऱ्याला ठेवणाऱ्याने हात द्यायचा. रोज नवा खेळ, पण शब्द तेच. ठेवला, पडला, मी, होतं असं. एका पोरीसाठी वहिनी सगळ्या वर्गाला त्या एका वाक्यापाशी आणून उभं करत होत्या, आणि वर्गाला वाटत होतं आपण खेळतोय. दहा वेळा स्वतःला आपटून घेताना त्यांचं कोपर काळंनिळं झालं. मला त्या वेळी वहिनींची भीती वाटली, खरंच सांगतो. एवढं कोणी कोणासाठी करू शकतं, हे मी समोरासमोर पाहिलं नव्हतं.

बटण मात्र आपली पाळी आली की मान हलवून जागेवर बसायची. पेला नाही, ठोकळा नाही, काहीच नाही.

इकडे तिची आई एक दिवस दुकानात मला सांगू लागली, "दिवसभर घरी कोणी नसतं, म्हणून आजोबांना आत्याकडे पाठवतोय. लांबच्या गावी. परत येणं होईल की नाही, देव जाणे. आणि ही बघा, त्यांच्या खोलीत पाऊल टाकत नाही. त्यांनी हाक मारली तर पळते. काल ते म्हणाले, म्हातारा मोडला म्हणून पोरीला नकोसा झाला. रडले हो." वहिनी शेजारीच उभ्या होत्या. मी ते सगळं त्या भाषेत त्यांना सांगितलं. वहिनींनी मान डोलावली. त्यांचा हात बाकाच्या कडेवर घट्ट आवळलेला मला दिसला.

आजोबांची जायची तारीख उगवली. वहिनींचे खेळ संपले नव्हते, पण दिवस संपले होते. त्या सकाळी घरातून निघताना त्यांनी कोणाशीही भांडण केलं नाही.

शाळा सुटायच्या सुमाराला एक चाकाची खुर्ची माझ्या दुकानापुढे येऊन थांबली. खुर्चीत आजोबा, मागे सुनेचा हात. वाटेतच एका चाकाची हवा गेली होती. आजोबा अर्धे झाले होते. फक्त आवाज तेवढाच होता.

"हवा भर रे बाबा. लांबचा पल्ला आहे," ते म्हणाले. "आणि जरा सावकाश भर. शाळा सुटू दे."

मी पंप घेऊन खाली बसलो. घंटा झाली. पोरांचा लोंढा आला, पांगला. शेवटी वहिनी आल्या आणि त्यांच्या हाताला धरून बटण. खुर्ची दिसताच पोरगी वहिनींच्या मागे दडली.

"ये की गं," आजोबा म्हणाले. "जातोय मी."

ती हलली नाही. आजोबांनी मान वळवली आणि रस्त्याकडे बघत बसले. मी चाकाच्या तारा विनाकारण पुसत राहिलो.

आणि मग बटणचा आवाज आला. वहिनींना म्हणत होती, हळू, एकेक शब्द उचलून ठेवत, त्या भाषेत.

"बाई. मी ठेवली. गाडी. जिन्यात मी ठेवली. आजोबा पडले. मी पाडले."

आईला ती भाषा येत नव्हती. आजोबांना तर नव्हतीच. तिथे ते समजणारे आम्ही दोघंच होतो. पोरीने जागा बरोबर निवडली होती. आजोबांच्या समोर, पण आजोबांना कळणार नाही अशी. तिला हे कोणी शिकवलं होतं? पंपाचा दांडा माझ्या हातातून सुटला.

वहिनी गुडघ्यावर बसल्या. तिचे दोन्ही हात धरले आणि त्याच भाषेत, तिला येणाऱ्या शब्दांतच, म्हणाल्या, "ऐकलं मी. तू ठेवली. ते पडले. होतं असं. होतं असं, बाळ." त्या ते म्हणतच राहिल्या.

"काय म्हणतेय ती?" आजोबांनी विचारलं. "रडते का? बाई, काय झालं?"

वहिनींनी त्यांच्याकडे प्रश्नार्थक पाहिलं. त्यांना आपली भाषा येत नव्हती. आता उरलो मी. आजोबा माझ्याकडे बघायला लागले, सून बघायला लागली. मी बटणकडे बघितलं. तिने सगळं तोंड वहिनींच्या खांद्यात खुपसलं होतं, फक्त एक डोळा माझ्यावर होता. मी त्या भाषेत विचारलं, "सांगू?"

मग तिने मान हलवली. हो.

मी आयुष्यभर पोरांच्या डब्यांची आणि शेंबडाची भाषांतरं केली होती. हे मला जमेल असं वाटत नव्हतं. "आजोबा," मी म्हणालो, "ती म्हणते, जिन्यात खेळण्यातली गाडी तिने ठेवली होती. तुम्ही पडलात ते तिच्यामुळे."

सून पुढे झाली, "अगं, मग तू..." आजोबांनी हात वर केला. ट्रक थांबवायचे तसाच. ती थांबली.

म्हाताऱ्याने एकदा स्वतःच्या पायाकडे बघितलं. मग घसा खाकरून त्याच हॉर्नच्या आवाजात म्हणाला, "उभा जन्म बस चालवली मी. रस्त्यात गाडी उभी दिसली आणि तरी कोणी ठोकली, तर चूक कोणाची? उभ्या गाडीची कधीच नसते. चूक ड्रायव्हरची. मी खाली न बघता पाय टाकला. तुझी गाडी पार्किंगमध्ये होती की नाही?"

बटणने खांद्यातून तोंड बाहेर काढलं. "होती," ती आपल्या भाषेत म्हणाली.

"मग झालं तर. इकडे ये. मला असं न भेटताच जाऊ देणार होतीस होय?"

ती गेली. धावत नाही, आधी चालत, मग धावत. आजोबांनी तिला एका हाताने उचलून मांडीवर घ्यायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तर तिनेच वर चढून घेतलं, मोडलेली बाजू सोडून. तिची आई दुकानाच्या दाराला टेकून रडत होती.

वहिनी मात्र तिथेच गुडघ्यावर बसल्या होत्या. चेहरा अगदी कोरा. म्हाताऱ्याचा शब्द न् शब्द त्यांनी ऐकला होता, मला त्यांच्या गळ्याची शीर ताठलेली दिसत होती, तरी तोंडावर तेच न कळणारं हसू. बटणचं लक्ष तिकडे गेलं. बाईंना बिचाऱ्यांना काहीच समजलं नाही, हे तिच्या ध्यानात आलं. ती खुर्चीवरून घसरत उतरली आणि वहिनींपुढे येऊन उभी राहिली.

"बाई," ती त्या भाषेत म्हणाली, "आजोबा म्हणतात, मी नाही." पुढचा शब्द तिला येत नव्हता. तिने दोन्ही हातांनी हवेत मोठं स्टिअरिंग धरलं, वळवलं, आणि आजोबांकडे बोट केलं. "तो. तो पाडला. होतं असं, म्हणतात."

आणि मग, हे सगळं आत्ताच कळलेल्या बाईसारख्या, वहिनी तिच्यासमोर मोकळेपणी रडल्या.